लित्लेयची लव

पाद्रीणबाई ह्या वर्षी आली नव्हती.

स्टेनवोर सकाळपासून तिसऱ्यांदा त्या जागेशी येऊन उभी राहिली. घरामागच्या दगडी बांधाला लागून, वाऱ्याच्या आडोशाला एक खळगा होता. नऊ वर्षं त्या खळग्यात एकच मादी अंडी घालत आली होती. आयडर बदकाची मादी दिसायला साधीच, ओल्या मातीच्या रंगाची. पण हिचा थाट निराळा. माणूस पुढ्यात येऊन उभा राहिला तरी मान ताठ, नजर समोर, जागची हलायची नाही. चर्चमधल्या पहिल्या बाकावर पाद्र्याची बायको बसते तशी. म्हणून स्टेनवोरने तिला हे नाव दिलं होतं. डाव्या पंखात एक पांढरं पीस होतं, त्यावरून ती लांबूनही ओळखू यायची.

खळग्यात आता गेल्या वर्षीचं वाळकं गवत तेवढं होतं.

"स्टेनवोर, बोट निघाली," थोर्गिल्सने धक्क्यावरून हाक मारली.

तिने हातातलं पोतं झटकलं आणि भावाच्या बोटीत जाऊन बसली. लव, म्हणजे माद्या अंड्यांखाली अंथरतात ती मऊ पिसं, गोळा करायचा आज तिसरा दिवस. स्टोरेय, म्हणजे जिथे त्यांचं घर होतं ते मोठं बेट, दोन दिवसांत उरकलं होतं. दोनशे नव्वद घरटी निघाली. मागच्या वर्षी चारशे बारा होती. हा आकडा कोणी जेवताना काढला नव्हता, आणि न काढण्यातच सगळं आलं होतं. आज लित्लेयची पाळी. घरासमोरचं छोटं बेट, मध्ये खडकांची रांग. ओहोटीला त्या खडकांवरून चालतही जाता यायचं.

बोटीत पुढे आर्नदिस बसली होती, थोर्गिल्सची बायको. बावीस वर्षांपूर्वी ती उत्तरेकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला बदक आणि बगळा ह्यांतला फरक कळत नाही असं घरात हसून बोललं जायचं. लित्लेयवर तेव्हा जेमतेम पन्नास-साठ घरटी. "खेळ हवं तर तिथे," असं सासूने म्हटलं, आणि आर्नदिस खेळली. तिने तिथे रंगीत चिंध्यांच्या काठ्या रोवल्या, जुने टायर आणि लाकडी खोकी निळ्या रंगाने रंगवून दगडांत बसवली, जोराच्या वाऱ्यात आडोसा म्हणून पत्रे उभे केले. स्टेनवोरने ह्या जत्रेची पुष्कळ थट्टा केली. पाखरांनी मात्र केली नाही.

बेटावर उतरल्यावर सगळी पांगली. धाकटी बहीण ओडनी रेक्याविकहून टपालाच्या बोटीने खास ह्यासाठी आली होती. नवी कोरी रबरी बुटं घालून ती घरट्यांमधून जपून पावलं टाकत होती. काम मुकाट्याने चालतं. मादी उठेपर्यंत वाट बघायची, अंड्यांखालची लव मुठीत धरून अलगद ओढायची, थोडी ठेवायची, तिच्या जागी सुकं गवत सारायचं. साठ घरट्यांची मिळून एक किलो भरते. पोतं भरलं तरी खांद्याला कळत नाही.

स्टेनवोर एका निळ्या खोक्यापाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

मान ताठ, नजर समोर. डाव्या पंखात पांढरं पीस.

"ही तुझीच ना?" मागून आर्नदिस म्हणाली. "आली तेव्हाच ओळखलं मी. मी काही बोलावलं नव्हतं हं तिला."

"पाखरू आहे. कुठेही बसेल."

"तेच म्हणते मी."

स्टेनवोरने हात पुढे केला. पाद्रीणबाई उठली नाही. स्टेनवोरने तिच्या अंगाखाली बोटं सरकवून लव काढली, मुठीएवढी, कोमट. मूठ उघडली तरी ती बोटांना बिलगून राहिली. पोत्यात टाकताना तिच्या मनात आलं, हे पोतं आर्नदिसचं आहे.

*

तिन्ही भावंडांची आई हाल्बेरा खिडकीत बसून चारही जणांना बोटीतून उतरताना बघत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली तरी तिचे डोळे शाबूत होते. पाय तेवढे गेले होते. कोण आधी उतरलं, कोणी कोणाला हात दिला, कोणी दिला नाही, एवढ्यावरून दिवस कसा गेला ते तिला समजायचं. आज स्टेनवोर शेवटी उतरली आणि पोती न उचलता सरळ घराकडे आली.

टेबलावर कॉफी होती, पातळ पॅनकेक होते, धुरावलेलं मटण आणि भाकरी. ओडनीने साखरेचा खडा दातांत धरून कॉफीचा घोट घेतला आणि विषय काढला.

"स्टोरेयच्या लवेचं नाव आजोबांपासून आहे, आई. आमच्याकडे एक बाई आहे, ती लव भरून जाकिटं शिवते. परदेशी लोक रांगा लावतात. तिला मी म्हटलं, माझी बहीण स्वतःच्या हाताने साफ करते, यंत्र नाही लावत. स्टेनवोर, तू फक्त हो म्हण."

स्टेनवोरचा चेहरा जरा सैल झाला. "बघू," ती म्हणाली.

"बघू काय? ह्या घरात ह्यातलं कळणारी तूच आहेस."

आर्नदिस भाकरीला लोणी लावत होती. सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

हाल्बेराने ठरवलं होतं की हे संध्याकाळी, एकेकीला बाजूला घेऊन सांगायचं. पण ओडनी आता गोष्टी वाटायला बसली होती, आणि जे वाटायचं ते अजून हाल्बेराचं होतं.

"लित्लेयवर किती निघाली?" तिने विचारलं.

"दोनशे चौतीस," थोर्गिल्स म्हणाला.

ओडनीने कप खाली ठेवला. "त्या एवढ्याशा बेटावर?"

"लित्लेय आजपासून आर्नदिसचं," हाल्बेरा म्हणाली. "कागद करून घेईन. आणि ह्या वर्षीची तिथली लव विकायची नाही. ऑगस्टमध्ये सोलरुनचं लग्न आहे. तिची दुलई त्यातून होईल."

सोलरुन आर्नदिसची मुलगी. मग स्टेनवोर म्हणाली, "दुलई ह्या घरात नेहमी स्टोरेयच्या लवेची होते."

"होत होती."

"तीस वर्षं मी—"

"तीस वर्षं तू केलंस. कोण नाही म्हणतं?" हाल्बेराचा आवाज चढला नाही. "पण गेल्या जूनमध्ये तू पहिल्याच फेरीला घरटी खरवडून घेतलीस, स्टेनवोर. थोडी ठेवायची असते. तू ठेवली नाहीस, कारण लित्लेयच्या पोत्यांशी तुझी पोती मोजली जात होती. नंतर आठवडाभर उत्तरेचा वारा सुटला. किती अंडी गार पडली ते तू मला सांगितलं नाहीस. मी खिडकीत बसते, आंधळी नाही."

स्टेनवोरच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. लहानपणापासून तिला असेच उठायचे. तिने मदतीसाठी ओडनीकडे पाहिलं. ओडनी आर्नदिसकडे वळली होती.

"आर्नदिस, ती खोकी तू कशाने रंगवलीस गं? आणि ती लव... दुलईला लागून वर राहीलच ना थोडी? म्हणजे त्या बाईला नमुना म्हणून."

"बघू," आर्नदिस म्हणाली. अगदी स्टेनवोर म्हणाली होती तशी.

स्टेनवोर उठून लव साफ करायच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिथून चौकटीच्या तारांचा आवाज येऊ लागला. तारांवर लव घासली की काडीकचरा खाली पडतो. रोजच्यापेक्षा जोरात घासत होती.

जरा कठोर झालं, हाल्बेराला वाटलं. पण ते खरं होतं. दुसरंही एक खरं होतं आणि ते ती कधी बोलली नव्हती. स्टेनवोर बावीस वर्षांची असताना स्टिक्किशोल्मुर गावचा एक सुतार तिला मागायला आला होता. 'बदकांकडे कोण बघणार?' एवढंच हाल्बेरा म्हणाली होती. सुताराने दोन उन्हाळे वाट पाहिली. आज तीच बदकं ती दुसरीच्या पदरात टाकत होती, आणि तरीही हात मागे घ्यावासा तिला वाटत नव्हता. पाखरं जिथे जगतात तिथे द्यायची असतात.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ओहोटी होती. स्टेनवोर किनाऱ्यावर गेली ती कोणाचं तोंड बघायला नको म्हणून.

खडकांच्या रांगेपाशी, ओल्या वाळूत, ते ठसे होते. पाच बोटांचे, नखांसकट, दोन-दोनच्या जोडीने उड्या मारत गेलेले. बाजूला अर्धा खाल्लेला मासा, अजून ओला.

मिंक.

मुंगसाएवढं जनावर. कातड्यासाठी पाळायला कोणीतरी परदेशातून आणलं, पिंजऱ्यांतून सुटलं आणि आमच्या सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. भुकेपुरतं मारून ते थांबत नाही. हलणारं सगळं संपेपर्यंत मारतं. म्हणून घरोघरी नियम आहे, मिंकची खूण दिसली की तोंडातला घास टाकून सांगायला यायचं. मग वैर असो की बोलचाल बंद असो.

ठसे लित्लेयकडे जात होते. परतीचे नव्हते.

ती बराच वेळ उभी राहिली. समोर लित्लेयवरच्या चिंध्या वाऱ्यावर फडफडत होत्या, निळ्या, तांबड्या, पिवळ्या. थोर्गिल्सला उठवायला चार मिनिटं लागली असती. कुत्र्याला बोटीत घालून तिकडे पोचायला आणखी दहा. तिने हे मिनिटांत मोजलं, हे तिला नंतर कितीदा तरी आठवणार होतं.

'मी काही केलेलं नाही,' तिने मनाशी म्हटलं. 'मी वाळूत फक्त पाय पाहिले. उदमांजराचेही असतील.' आमच्या बेटांवर उदमांजर नाही.

ती घरी आली. आर्नदिसने तिच्या पुढ्यात कप ठेवला आणि कॉफी ओतली.

"कालचं मनात ठेवू नकोस," आर्नदिस म्हणाली. "मी मागितलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"किनाऱ्यावर गेली होतीस?"

"हो. गारठा आहे."

तिने कॉफी संपवली. मग आतल्या खोलीत जाऊन चौकटीपुढे बसली आणि कामाला लागली. लव हातात घेतली की हात लगेच गरम होतात. पहिल्यांदा धरणाऱ्याला वाटतं, आत काही जिवंत आहे. तिला ती सवय होती. तरी आज ती दर थोड्या वेळाने हात झटकत होती.

दहा वाजता तिने खिडकीतून पाहिलं. लित्लेयच्या पश्चिमेला वीस-पंचवीस माद्या पाण्यावर होत्या. ह्या दिवसांत मादी पाण्यावर दिसत नाही. ती अंड्यांवर असते.

अकराला पन्नासएक होत्या, आणि वर मोठे काळ्या पाठीचे कुरव, उघड्या अंड्यांवर टपलेले, घिरट्या घालत होते.

तिने चौकट बाजूला सारली. धक्क्याकडे जाताना ती आधी चालत होती, मग पळू लागली.

*

आर्नदिसला पहिल्यांदा कुरव ऐकू आले. मग तिने वल्ह्याची छोटी होडी खडकांपलीकडे वाकडीतिकडी जाताना पाहिली आणि होडीत उभी राहून ओरडणारी स्टेनवोर. शब्द कळले नाहीत. थोर्गिल्सने एकदा बघितलं आणि बंदूक काढली. क्रुम्मी कुत्रा त्याच्या आधी बोटीत होता.

बेटावर पाऊल टाकलं तेव्हा आर्नदिसला आधी शांतता जाणवली. ह्या जागेची स्वतःची एक कुजबुज असायची, माद्या घशातल्या घशात बोलत असायच्या. ती गेली होती. पहिल्या टायरमध्ये एक मेलेली मादी, मानेला दोन छिद्रं. दुसऱ्यात एक. तिसऱ्यात मादी नाही, फुटलेली अंडी. ती मोजत पुढे गेली आणि सतराला थांबली.

स्टेनवोर बेटाच्या मधोमध दगडांच्या ढिगापाशी गुडघ्यांवर बसली होती. वल्हं एका भोकात खुपसून अंगाचा सगळा भार त्यावर टाकला होता. उजव्या हाताच्या अंगठ्यातून रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं.

"आत आहे," ती म्हणाली. "मी धरलं होतं. सुटलं."

पुढचं क्रुम्मीने केलं, आणि शेवटी थोर्गिल्सने. तपकिरी, ओलं, इवलंसं जनावर. थोर्गिल्सने ते शेपटीला धरून वर उचललं आणि बोटीत टाकलं.

मग मोजणी झाली. त्रेसष्ट मेल्या होत्या. पाद्रीणबाई तिच्या निळ्या खोक्यात होती, मान पहिल्यांदाच खाली. स्टेनवोर तिच्या जवळ गेली नाही. आर्नदिसने तिला उचललं, पंख मिटवले आणि इतरांबरोबर ठेवलं.

उरलेल्या पाण्यावर होत्या, सगळ्या घाबरलेल्या, आणि इकडे अंडी उघडी पडून गार होत होती. आर्नदिस पाण्याच्या कडेशी गेली. "या, या गं," ती हळू म्हणाली, रोज म्हणायची तशीच. माद्या आणखी आत सरकल्या. ती दोन पावलं मागे आली, पुन्हा बोलावलं. त्या आणखी लांब गेल्या.

तेव्हा मागे खडकावर बसलेल्या स्टेनवोरने घशातून आवाज काढला. गाणं नव्हे, शब्दही नव्हेत. माद्या अंड्यांवर बसून जे बोलतात तेच, सपाट, एका लयीत. तिने पाण्याकडे पाहिलंही नाही. ती दुखरा हात मांडीवर धरून तो आवाज काढत राहिली. पाऊण तास गेला असेल. एक मादी खडकावर चढली. मग दुसरी. मग चार-पाच एकदम, आणि आर्नदिसच्या पायाजवळून, तिला वळसा घालून, आपापल्या खोक्यांकडे गेल्या.

ती खोकी आर्नदिसने बनवली होती. बारा हिवाळे, बोटं बधिर होईपर्यंत. ती जागची हलली नाही, कारण हलली असती तर पाखरं बिथरली असती, आणि हे समजून तिच्या छातीत जे पेटलं त्याला ती ओळखत होती. पहिल्या वर्षी, टेबलावर सगळे हसले होते, तेव्हापासून ते तिच्या सोबतीला होतं. पाद्रीणबाई आपल्या खोक्यात येऊन बसली तेव्हा ते पहिल्यांदा निवलं होतं. आज पुन्हा पेटलं. आणि ह्या बाईने तर आज तिचं बेट वाचवलं होतं. आता तिचे आभारही मानायचे होते.

*

आभार तिने मानले. घरी आल्यावर गरम पाण्याने स्टेनवोरचा अंगठा धुतला, पट्टी बांधली, गाठ मारताना म्हणाली, "तू बघितलं नसतंस तर काही उरलं नसतं. मी हे विसरणार नाही."

"दोनशेच्या दोनशे गेली असती," थोर्गिल्स म्हणाला.

"काल एवढं ऐकून घेऊनही गेली ही," ओडनी म्हणाली. "बघ आई. म्हणून मी म्हणते."

हाल्बेरा लेकीच्या गळ्याकडे बघत होती. चट्टे कानापर्यंत चढले होते.

"मला सकाळीच माहीत होतं," स्टेनवोर म्हणाली.

"काय?" थोर्गिल्सने विचारलं.

"मिंक. वाळूत पाय होते. खडकांवरून गेलेले, परत न आलेले. मी पाहिले आणि सांगितलं नाही."

ओडनीने कपाळाला हात लावला. "कशाला बोललीस," ती पुटपुटली. "कोणी विचारलं होतं तुला?"

थोर्गिल्स उठला. खुर्ची मागे पडली, ती त्याने उचलली नाही. दाराशी थांबून बहिणीकडे पाहिलं. मग कुत्र्याला घेऊन तो बाहेर गेला.

"किती वाजता?" आर्नदिसने विचारलं.

"साडेसहा."

"म्हणजे मी कॉफी ओतत होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी विचारलं, किनाऱ्यावर गेली होतीस का. तू म्हणालीस, गारठा आहे."

"हो."

"मला हे आधी कळलं पाहिजे होतं," खिडकीतून हाल्बेरा म्हणाली. कोणाला म्हणाली ते स्पष्ट नव्हतं. "ही चढाओढ माझ्या घरात कधीपासून आहे ते मला माहीत आहे. स्टेनवोर, तुला वाटत असेल मी आता काही बोलेन. मी बोलले की कोणाचं तरी आयुष्य जातं. जिची पाखरं गेली तिने बोलावं."

आर्नदिसच्या हातात अजून उरलेली पट्टी होती. ती तिने बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"बावीस वर्षं मला वाटत होतं, ही एकदा तरी चुकावी," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. देवाची शपथ, मी हेच मागायचे. आणि तुझी ती मादी माझ्याकडे आली तेव्हा मी खोक्यापाशी बसून हसले होते. एकटीच." तिने पट्टी टेबलावर ठेवली. "पण मी तुझ्या पाखरांना मरू दिलं नसतं."

"नाही," स्टेनवोर म्हणाली. "तू नसतं दिलंस."

"मी तुला माफ करणार नाही."

"करू नकोस."

बाहेर थोर्गिल्स खड्डा खणत होता. मेलेल्या माद्यांची लव आमच्याकडे कोणी काढत नाही. पुरतात, तशाच्या तशा. फावडं दगडाला लागल्याचा आवाज येत होता.

आर्नदिस उठली. टेबलावरचे कप गोळा केले, धुतले, पुसून फळीवर ठेवले. स्टेनवोरचा कप शेवटी राहिला होता. तिने तोही धुतला.

"उद्या सकाळी भरतीच्या आधी निघायचं," पाठमोरीच ती म्हणाली. "तू माझ्या बोटीत यायचंस. पिल्लं बाहेर पडेपर्यंत रोज."

"लित्लेयवर? मी?"

"पाखरं माझ्याजवळ येत नाहीत आता. आज पाहिलंस तू. तुझ्या आवाजाला येतात." तिने ओलं फडकं पिळून दोरीवर टाकलं. "त्यांना तू लागतेस. मला नाही लागत."

बावीस वर्षं स्टेनवोरला हेच ऐकायचं होतं, ह्याच बाईच्या तोंडून, ह्याच स्वयंपाकघरात. तिने पट्टी बांधलेला हात टेबलाखाली घेतला.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"साडेसहा," आर्नदिस म्हणाली.